न मेलेल्या माशांची तक्रार

“मासे मेलेत का?”

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातल्या साहेबांनी मला पहिला प्रश्न हा विचारला. मी म्हटलं, “नाही.” त्यांनी हातातल्या पेनाला टोपण घातलं.

“मग तक्रार कशाची आहे, मॅडम?”

मी सांगायला लागले. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या ओढ्यात मासे आहेत, जिवंत आहेत, पण ते एकमेकांजवळ राहत नाहीत. वसाहतीच्या वरच्या अंगाला जो मासा थव्यानं फिरतो, तोच मासा वसाहतीखाली सुटा सुटा हिंडतो. पाण्यात तांबं मिसळलं, अगदी थोडं मिसळलं, तरी माशाचं वास घेणं बिघडतं. वास गेला की त्याला सोबती ओळखू येत नाहीत आणि धोकाही कळत नाही. साहेब ऐकत होते. तसा वाईट माणूस नव्हता. माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, “म्हणजे माशांच्यात भाऊबंदकी लागलीय म्हणा की.”

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मीसुद्धा हसले. आपण का हसलो, याचा राग मला जिना उतरताना आला आणि पुढं कितीतरी दिवस येत राहिला.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत द्यायची आणि दर वर्षी आपण कोण हे त्याच माणसांना नव्यानं सांगायचं. शिकवणं सांभाळून पीएच.डी. करते आहे. विषय घेतला तेव्हा मला वाटलं होतं, आपण नदीच्या गावात राहतो, विषय समजावून सांगावा लागणार नाही. पंचगंगेत दर उन्हाळ्यात मासे मरून वर येतात. मग पुलावर गर्दी होते, कॅमेरे येतात, कुणीतरी मेलेले मासे टोपलीत भरून कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर नेऊन ओततं, चार दिवस पेपरात गाजतं. मेलेला मासा दिसतो, त्याचा वास येतो, त्याचा फोटो निघतो. माझे मासे मेलेले नव्हते. तीच माझी मोठी अडचण होती.

मासा अगदी साधा. बोटाएवढा, पाठ हिरवट, पोट चंदेरी आणि कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. गावोगाव त्याचं नाव वेगळं. खायला कुणी फारसं नेत नाही, त्यामुळं त्याच्याकडं कुणाचं लक्षही नाही. वसाहतीच्या वर एक लहान बंधारा आहे, तिथं मी पहिल्यांदा त्यांना नीट बघितलं. काठावर बसलं की आधी काहीच दिसत नाही. मग पाण्यातली सावली हलल्यासारखी वाटते आणि लक्षात येतं की ती सावली म्हणजेच मासे. सगळे एका दिशेला तोंड करून उभे. एक वळला की सगळे वळतात. मी हात वर केला की ते फुटत नाहीत, उलट आणखी घट्ट होतात, मुठीसारखे आवळतात आणि एकदम खोल जातात. ते बघायला मी मुद्दाम लवकर जायची. कामाचा भाग होताच, पण नुसतं बघायलाही आवडायचं.

वसाहतीच्या खाली, कारखान्यांच्या शेडच्या मागं, तेच मासे होते. पकडून बघितले तर अंगानं धडधाकट. खवले जागेवर, पोटं भरलेली. पण तिथं सावली हलायची नाही. एक मासा इथं, एक तिथं, एखादा उलट्या दिशेनं. दोन जवळ आले तर एक दुसऱ्याच्या अंगावर जायचा किंवा दोघं एकमेकांना न बघितल्यासारखे निघून जायचे. हात वर केला तर काही पळायचे, काही तिथंच राहायचे. पळणारेसुद्धा ज्याला जिकडं सुचेल तिकडं.

त्या जागेपर्यंत पोचायला मला वाट मिळाली ती भावजींमुळं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आयटीआय करून त्यांनी बरीच वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये काढली आणि मग स्वतःची शेड टाकली. गाडीच्या सुट्या भागांवर, नळांवर आधी तांब्याचा आणि मग निकेलचा मुलामा चढवायचं काम. त्याला सगळे प्लेटिंगच म्हणतात. शाहूपुरीत आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वर भावजींचा संसार. मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टाक्यांना जागा मिळेना, तेव्हा त्यांनीच आमच्या मागच्या बोळात लोखंडी स्टँड वेल्डिंग करून उभा केला. त्यावर काचेच्या टाक्या मांडून दिल्या, हवेचे पंप जोडले. ओढ्याकडं जायला वाट नाही म्हटल्यावर म्हणाले, “वैनी, आमच्या शेडच्या मागनं जावा की. गेट उघडून देतो. पोरं जाळी धरायला येतील.”

त्यांच्या गेटमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला त्यांचाच पाइप होता. मुलामा दिलेला माल धुतला की ते पाणी त्यातून ओढ्यात यायचं. कधी फिकट निळसर, कधी नुसतं गढूळ. पलीकडच्या शेडचा पाइप होता, त्याच्या पलीकडच्याचाही होता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी काय मोजते आहे हेही मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “मोजा की. आमी काय चोरी करतोय व्हय?”

खरी कटकट पुढं सुरू झाली. मला काय दिसतंय ते कुणालाच सांगता येईना.

घरात सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “तांब्याचं पाणी तर चांगलं असतंय की गं. मी रोज पिते.” त्या खरंच रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी उठून पितात. मी म्हटलं, आई, माणसाचं पोट वेगळं आणि माशाचं नाक वेगळं. मासा चोवीस तास त्या पाण्यात असतो. त्याच्या नाकातली वास घेणारी नस उघडीच असते, पाणी सरळ तिच्यावरून वाहतं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं की आमची सून माशाच्या सर्दीवर अभ्यास करते.

स्टाफरूममध्ये, रिक्षात, लग्नात, सगळीकडं तांब्याच्या भांड्याचं हेच उत्तर मला मिळालं. एका लग्नात तर एका पाहुण्यांनी मला आयुर्वेदावर पंगत उठेपर्यंत ऐकवलं.

एका रविवारी मी भावजींना बोळात बोलावलं. म्हटलं, सांगत नाही, दाखवते. दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. एकीत बंधाऱ्यावरचे मासे, दुसरीत शेडमागचे. दोन्हींत पाणी मात्र आणलं तिथलंच ठेवलं होतं. या माशांची एक गोष्ट आहे. एखाद्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक वास पाण्यात सुटतो आणि बाकीचे तो वास येताच सावध होतात. जणू एकानं जाता जाता बाकीच्यांना हाक मारली. मी प्रयोगशाळेतून तसलं पाणी बाटलीत आणलं होतं. ड्रॉपरनं पहिल्या टाकीत थोडं सोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग सगळे मासे एका कोपऱ्यात तळाला गेले, एकमेकांना चिकटले आणि हलेनात.

“आयला!” भावजी म्हणाले.

मग मी दुसऱ्या टाकीत तेवढंच सोडलं. मासे जिथं होते तिथंच राहिले. एक काच चाटत होता, तो चाटत राहिला. एक वर येऊन पीठ शोधत होता. एक-दोन जरासे दचकल्यासारखे झाले, तेवढंच.

भावजींनी दोन्ही टाक्यांकडं आळीपाळीनं बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघितलं. मला वाटलं, आता कळलं. ते उभे राहिले आणि समाधानानं म्हणाले, “आमचं मासं निवांत हायत की वैनी. तुमचं बंधाऱ्यावरचं लई भित्रं.”

“भावजी, ते निवांत नाहीत. त्यांना कळतच नाहीये. वास येत नाही त्यांना.”

“न्हाई येत तर न्हाई. भ्यायचं तरी वाचलं.”

मी ड्रॉपर खाली ठेवला. त्यांना चेष्टा करायची नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांना खरोखरच ते मासे धीट वाटले होते. वर जाऊन त्यांनी जावेला सांगितलं, तिनं खाली येऊन विचारलं, आणि मी तिला सुरुवातीपासून पुन्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अय्या, बिचारे,” आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून पळाली.

त्यानंतर मी तक्रार केली. भावजींच्या नावानं नाही, कुणाच्याच नावानं नाही. ओढ्याचं पाणी तपासा, एवढंच म्हटलं होतं. भाऊबंदकीची चेष्टा झाली ती त्याच वेळी. तरी साहेबांनी माणूस पाठवला, हे मान्य करायला हवं. तो माणूस बाटल्या घेऊन सोमवारी आला. सोमवारी वसाहतीला सुट्टी असते. सगळ्या शेड बंद, एकाही पाइपातून थेंब नाही, ओढा वरून आलेल्या पाण्यानं स्वच्छ वाहत होता. मी त्याला म्हटलं, “अहो, उद्या या ना. आज काहीच सापडणार नाही.” तो म्हणाला, “मॅडम, माझी ह्या भागातली पाळी सोमवारचीच आहे.”

अहवाल आला, ‘मर्यादेत’. तो शब्द मी इतक्या वेळा वाचला की त्याचा अर्थच उडून गेला. मर्यादा कुणाची? माणसानं प्यायल्यावर त्याला काय होतं याची, की मासा मरतो कधी याची? माझ्या माशाचं जे बिघडत होतं ते त्या मर्यादेच्या पुष्कळ आधीच बिघडत होतं, आणि त्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

माझे मार्गदर्शक सर मनानं चांगले आहेत, पण त्यांना निवृत्तीच्या आधी माझं काम संपवायचं आहे. त्यांनी अहवाल बघितला आणि म्हणाले, “हे बघा, तुम्ही उगाच अवघड करून ठेवलंय. टाकीत तांबं वाढवत न्या, निम्मे मासे कधी मरतात ते बघा, आलेख काढा. परीक्षकाला पटकन समजतं.”

“पण सर, मरायच्या आधी काय होतं हाच तर विषय आहे.”

“थवा कसा मोजणार तुम्ही? दोन माशांमधलं अंतर मोजून? उद्या परीक्षक म्हणेल, त्या दिवशी मासे दमले असतील.”

मी म्हटलं, मी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाण्यात बघितलंय, चित्रीकरण आहे, वर आणि खाली फरक दर वेळी दिसतोय. जगभर लोकांनी हे बघितलंय, मी काही नवीन शोध लावत नाही, आपल्या ओढ्यात हे होतंय एवढंच सांगते आहे. सर म्हणाले, “बरं बरं, तुमची इच्छा.” त्या ‘तुमची इच्छा’चा अर्थ मला कळत होता.

पावसाळा सरून ओढा निवळला, तेव्हा मी पुन्हा शेडमागं गेले. गेट उघडून बाहेर पडले आणि डावीकडं बघितलं, तर पाइपाचं तोंडच नव्हतं. पाइप होता, पण त्याला नवा कोरा पाइप जोडून काठाकाठानं पुढं नेला होता. मी त्याच्या कडेनं चालत गेले. जिथं मी मासे धरायची ती जागा ओलांडून, बाभळीच्या खालून, ओढा जिथं वळतो त्या वळणाच्या पलीकडं तो पाइप जाऊन पाण्यात उघडत होता. शेजारच्या दोन शेडचे पाइपही त्यालाच आणून जोडले होते.

मागून भावजी आले. कपाळावरचा घाम पुसत, चेहऱ्यावर हसू.

“सांगणारच हुतो तुमास्नी. म्हटलं आधी पुरं हुंदे. आता तुमच्या माशांस्नी काय तरास न्हाई. बगा, तुमची जागा कशी निर्मळ झालीया!”

त्यांनी सुट्टीच्या दिवशी दोन माणसं लावून, स्वतः उभं राहून तो पाइप टाकून घेतला होता. शेजारच्यांना “आमच्या वैनींचा अभ्यास हाय” म्हणून पटवलं होतं. एवढं माझ्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. आणि माझी दोन वर्षांची जागा त्यांनी एका दिवसात मोडली होती.

“भावजी, पाणी तेच आहे ना?”

“व्हय, पण म्होरं गेलं की.”

“पुढं मासे नाहीत?”

“असतील. पर तुमचं न्हाईत.”

मी तिथंच भांडले. आवाज इतका चढला की शेडमधली माणसं बाहेर आली. मी म्हटलं, मासे माझे नाहीत, ओढा माझा नाही, मी काय छंद म्हणून जाळी घेऊन येते का. वळणापलीकडं खालच्या वस्तीतली माणसं म्हशी धुतात, बायका धुणं धुतात, तुम्ही तीन शेडचं पाणी एकत्र करून त्यांच्या तोंडावर नेऊन सोडलंय. भावजींचा चेहरा उतरला. मग तेही चढले.

“माझ्याकडं वीस माणसं कामाला हायत वैनी. त्यांच्या घरात चूल पेटतीया ती ह्या पाण्यावर. तुमच्या माशाला नाक न्हाई म्हणून मी शेड बंद करू व्हय?”

“बंद करा म्हटलं का मी?”

“मग काय करू सांगा की! नुसतं बगत बसताय काठावर!”

ते शेवटचं मला लागलं, कारण खरं होतं. मी बघतच होते. बघणं हेच माझं काम होतं आणि त्यापुढं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी अबोला झाला. भावजी वरून खाली यायचे बंद झाले. जाऊ यायची, पण इकडच्या तिकडच्या गोष्टी करून जायची. नवरा बँकेतून आला की दोन्हीकडची बाजू ऐकून घ्यायचा आणि पेपर उघडून बसायचा. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, “त्यानं तुझ्यासाठीच केलतं गं.” मी म्हटलं, “तेच तर, आई.” त्यांना ते उत्तर कळलं नाही आणि मला त्याहून चांगलं देता आलं नाही.

सरांना मात्र आनंद झाला. “अहो, हे तर उत्तम! आता जुन्या जागी सुधारणा होते का बघा. एक प्रकरण वाढलं.” मी चिडूनच तिथं जात राहिले. आणि दिवाळीनंतर कधीतरी जुन्या जागी मला दोन-चार मासे एका दिशेला तोंड करून उभे दिसले. मग आणखी काही. ते वरून नवे उतरलेले होते की तिथलेच जुने सुधारले होते, हे मला सांगता येत नाही. म्हणून टाकीतल्या शेडमागच्या माशांचं पाणी मी बदललं. क्लोरीन उडावं म्हणून नळाचं पाणी शिळं करून घालत राहिले. हळूहळू ते जवळ जवळ पोहायला लागले. ड्रॉपरचा वास सोडला की पूर्वीपेक्षा जास्त मासे तळाला जायचे. सगळे नाही. काहींचं काहीही बदललं नाही, ते तसेच एकटे काच चाटत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण प्रत्येक नोंद करताना वळणापलीकडचा पाइप आठवायचा आणि वाटायचं, हे प्रकरण ज्या किमतीत मिळतंय ती खालची वस्ती मोजते आहे.

अबोला मीच मोडला. एका सोमवारी, शेड बंद असताना, वर जाऊन म्हटलं, “भावजी, चला जरा. भांडायला नाही.”

त्यांनी शर्ट घातला आणि गाडी काढली. वस्तीच्या बाजूनं आम्ही वळणापलीकडं गेलो. एक बाई धुणं धूत होती, वरच्या दगडाला दोन म्हशी बांधलेल्या. बाईनं विचारलं, “कुठलं पावणं?” भावजींनी शहराकडं हात केला. मी पिशवीतले चुरमुरे काढून पाण्यावर टाकले, मूठभर भावजींना दिले आणि आम्ही काठावर बसलो.

मासे आले. एक एक करून आले. पलीकडच्या काठावर मातकट रंगाची ढोकरी, म्हणजे लहान बगळा, मान आखडून उभी होती. ती दोन पावलं पुढं आली आणि तिनं एक मासा उचलला. त्याच्या अगदी शेजारचा मासा चुरमुरा ओढत होता, तो ओढतच राहिला. तिनं तो गिळला, पुन्हा मान आखडली आणि पुन्हा एक उचलला. बाकीच्यांनी दिशासुद्धा बदलली नाही. तिला पाठलाग करावा लागत नव्हता, जागाही सोडावी लागत नव्हती.

भावजींनी हातातले चुरमुरे पिशवीत परत टाकले.

“पळत का न्हाईत ते?”

“शेजारचा गेला हे त्यांना कळत नाही.”

“डोळं हायत की.”

“डोळ्यांनी थोडं कळतं. पण हाक वासानं जाते. ती पोचतच नाही.”

ते उठले. धुणं धुणाऱ्या बाईकडं एकदा बघितलं आणि गाडीकडं चालायला लागले. वाटेत एवढंच म्हणाले, “मी एकट्यानं बंद करून काय हुतंय वैनी? वसाहतीत अजून धा-बारा शेड हायत.”

त्यांनी पाइप काढला नाही. पण माल पहिल्यांदा धुतात ते पाणी, ज्यात धातू सगळ्यात जास्त असतो, ते आता शेडमधल्या मोठ्या टाकीत साठवतात आणि प्रक्रियेसाठी टँकरनं पाठवतात. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याचं पाणी अजून ओढ्यातच जातं. टँकर वेळेवर येतो का? भावजी म्हणतात, येतो. टँकर आला नाही आणि टाकी भरली तर काय करता, हे मी विचारलं होतं. ते दुसरंच काहीतरी बोलायला लागले. शेजारच्या दोन शेडनी तेवढंही केलेलं नाही. वळणापलीकडं मी आता दर आठवड्याला जाते. मासे अजून सुटेच आहेत. कधी कधी जरा जवळ आल्यासारखे वाटतात, आणि मग घरी येऊन चित्रीकरण बघितलं की कळतं, ते मलाच तसं वाटलं होतं.

सरांनी प्रबंध लवकर लिहून काढा म्हणून तगादा लावलाय. कॉलेजात पुन्हा मुलाखत झाली. समितीतल्या एकांनी विचारलं, या संशोधनाचा समाजाला उपयोग काय. मी तांबं म्हणाले तेवढ्यात त्यांनी आपल्या घरातल्या तांब्याच्या हंड्याची गोष्ट काढली.

गेल्या रविवारी दुपारी मी बोळात टाक्या पुसत होते. भावजी आत आले आणि त्यांच्या मागून शेजारच्या शेडचे मालक. पन्नाशीचे, खिशात दोन फोन, नुकतेच जोतिबावरून आलेले असावेत, कपाळावर, कॉलरवर गुलाल होता. भावजींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली.

“हे बगा, मासा थव्यानं ऱ्हातोय. का? तर वासानं. तांब्यानं काय हुतंय, त्याचं नाक चोंदतंय...”

“चोंदत नाही भावजी, आतली नस खराब होते.”

“तेच की. नस खराब हुतीया.”

मालकांनी टाकीत बघितलं. “पाण्यात कसला वास घेतोय मासा? बुडंल की.”

भावजी माझ्याकडं वळले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. इतकी वर्षं ज्या आठ्या मी माझ्या आरशात बघत होते, त्याच.

“वैनी, सांगा की ह्यांस्नी. नीट सांगा.”

मालकांच्या एका खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून बघितला, बंद केला, आणि तेवढ्यात दुसरा वाजला. मी फडकं बाजूला ठेवलं, ते बोलून होईपर्यंत थांबले आणि मग माशाचं नाक कुठं असतं इथून सांगायला लागले.